दहा वॉटांचा निखारा

हे विश्वंभरा, तू चुलीत राहिलास तर अन्न होतोस, समईत राहिलास तर प्रकाश होतोस आणि पोटात राहिलास तर प्राण होतोस. तेज एकच, त्याला घातलेली मर्यादा तेवढी निराळी. मर्यादेत तू आई आहेस आणि मर्यादा सुटली की तूच वणवा आहेस. तुझ्या अफाटपणाचे गुण गाणारे पुष्कळ झाले. आज मला गायचे आहेत तुझ्या मापात राहण्याचे गुण. बोटाएवढ्या सेलमध्ये तू सामावतोस, केसाएवढ्या तारेत तू लाल होतोस आणि ज्याच्या हाती माप आहे त्याच्या दाराशी गरीब गाईसारखा उभा राहतोस. त्या तुझ्या रूपाला माझा साष्टांग नमस्कार. आणि ते माप जिने प्रेमाने सांभाळले, त्या इरावती मोघे या माउलीच्या नावाने आता आरंभ करतो.

मायबाप वाचकहो, इरावती न्यूझीलंडात ऑकलंडच्या हेन्डरसन भागात राहते आणि तिथल्याच एका व्हेपच्या दुकानात काम करते. काच अशी झाकलेली की बाहेरून आतले काही दिसू नये, कायदाच तसा आहे. अठरा वर्षांखालच्याला आत पाऊल टाकता येत नाही. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या यंत्रात एक सेल असतो, बारीक तारेचे एक वेटोळे असते, त्याला कॉइल म्हणतात, आणि कापसात भिजलेला निकोटीनचा रस असतो. कळ दाबली की सेलमधली वीज कॉइलमधून धावते, कॉइल तापते, रसाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. तंबाखू जळत नाही, राख पडत नाही. मात्र ही वाफ निर्दोष आहे असे कुणी समजू नये. इरावतीही तसे समजत नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाला तिचा पहिला प्रश्न असतो, सिगारेट ओढता का. नाही म्हटले की ती हसून सांगते, मग इथे तुमच्या कामाचे काही नाही, बाहेर हवा छान आहे, ती घ्या. या उत्तरामुळे दुकानाचा मालक तिच्यावर अधूनमधून रुसतो. पण तिने बसवून दिलेले यंत्र तक्रारीसाठी परत येत नाही, हे त्यालाही कळते, म्हणून तो रुसतो आणि पुन्हा हसतो.

सांगलीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती ऑकलंडला शिकायला आली. शिक्षण झाले, मनासारखी नोकरी मिळेना, तेव्हा पोटासाठी ती या दुकानात उभी राहिली. तात्पुरती म्हणूनच राहिली होती. पण एके दिवशी छपरांची कामे करणारा एक दांडगा माणूस दारात आला. त्याच्या छातीवर झोळीत तान्हे बाळ होते. तो काही विकत घ्यायला आला नव्हता. तू बसवून दिलेल्या यंत्राने माझी सिगारेट सुटली, आता यंत्रही सुटले, एवढे सांगायला आला होता. त्या दिवसापासून इरावतीने दुसरी नोकरी शोधणे सोडले.

तिचा नवरा क्षितिज पुण्याचा, कॉम्प्युटरच्या कामात, बोलायला कमी आणि हसायला पुढे. त्याचे वडील विश्वनाथराव मोघे म्हणजे वीज मंडळाचे निवृत्त लाइनमन. कराडच्या परिसरात ज्या खांबावर ते चढले नाहीत असा खांब दाखवणे कठीण. त्यांच्या पत्नी गेल्या, घर ओस पडले, आणि मुलाने त्यांना न्यूझीलंडला आणले. येताना त्यांनी सामानात स्वेटर कमी घेतले, पण आपली पक्कड, आपला टेस्टर आणि कमरेला बांधायची चामड्याची पिशवी आठवणीने घेतली. आणि घेतली एक सवय, जी ऐन तारुण्यात त्यांना चिकटली होती आणि आता त्यांच्या बोटांच्या रंगात उतरली होती. सिगारेट.

सुनेचे काम त्यांना रुचले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारले, सून काय करते, की ते म्हणत, ती दुकानात असते, आणि विषय पावसावर नेत. घरात मात्र जीभ मोकळी सुटे.

"आम्ही घराघरांत उजेड पोचवला," एकदा जेवताना ते म्हणाले, "आणि आमच्या सूनबाई घराघरांत धूर पोचवतात."

"बाबा, तुमच्या खिशातल्या पाकिटातून काय निघतं," इरावतीने आमटी वाढता वाढता विचारले, "उदबत्तीचा धूर?"

क्षितिजने ताटात मान घातली. विश्वनाथरावांनी आमटी आणखी मागून घेतली, कारण आमटी चांगली झाली होती.

असे हे टोमण्यांचे आणि आमटीचे दिवस चालले असता त्यांचा डावा पाय दुखू लागला. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत म्हणून निघावे, वाटेत बसस्टॉपच्या बाकाशी पोटरीत गोळा यावा, बसावे लागावे, मग पुढे जावे. डेअरी म्हणजे इथले कोपऱ्यावरचे दुकान. दूध तिथे, पाव तिथे आणि त्यांची सिगारेटही तिथेच. पुढे तपासण्या झाल्या. मांडीतून पायाकडे जाणारी रक्तवाहिनी आतून बुजत चालली होती. सर्जनबाईंनी समोर बसवून शांतपणे सांगितले की, ऑपरेशन करून रक्ताला नवी वाट काढून देता येईल. पण सिगारेट चालू राहिली तर ती वाटही बुजेल, आणि मग पाय राहील याची हमी त्या देऊ शकणार नाहीत. नोव्हेंबरची तारीख मिळाली. त्याआधी काही आठवडे सिगारेट पूर्ण थांबलेली हवी. श्वास फुंकून दाखवायचे एक यंत्र असते, त्यात ते कळेल. नाही थांबली तर तारीख पुढे जाईल, आणि पायाला इतका वेळ नव्हता.

ज्या पायांनी माणूस उभे आयुष्य खांबांवर चढला त्यातला एक पाय पणाला लागला. एका बाजूला पाय, एका बाजूला बोटभर सिगारेट. मायबापहो, ज्याला व्यसन नाही त्याला हा निवाडा सोपा वाटेल. त्याने तो सोपा आहे असे मोठ्याने म्हणू नये, एवढीच विनंती.

सिगारेट सोडवायला मदत करणारी नर्स घरी येऊ लागली. तिचे नाव अरोहा. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ प्रेम, आणि ते नाव ती सार्थ करीत होती. दंडावर लावायच्या निकोटीनच्या पट्ट्या झाल्या, चघळायच्या गोळ्या झाल्या. विश्वनाथराव पट्टी लावून सिगारेट ओढत आणि गोळी चघळत सिगारेट पेटवत. शेवटी अरोहा म्हणाली, काहीच न ओढणे सर्वांत उत्तम, पण ते जमत नसेल तर जळत्या तंबाखूपेक्षा व्हेप बरे. आणि त्यातली जाणकार तुमच्याच स्वयंपाकघरात उभी आहे. विश्वनाथरावांनी मान हलवली आणि मनात म्हटले, सुनेकडून धूर मागून घेऊ काय.

मागायला ते दुसरीकडे गेले. भजनात झांजा वाजवणारा सुशील नावाचा एक तरुण होता. त्याने विद्यार्थिदशेतले एक जुने यंत्र त्यांना दिले. पितळेची एक नळी, आत सेल, खाली कळ, वर कॉइल. चिप नाही, दिवा नाही, काही नाही. विश्वनाथराव खूश झाले. मेन स्विच आणि लोड, मध्ये लुडबुड करणारा कुणी नाही, अशी प्रामाणिक वस्तू त्यांना फार दिवसांनी भेटली होती. गॅरेजमागे उभे राहून त्यांनी कळ दाबली. ढगच्या ढग आला. टाळू भाजली, खोकल्याने डोळ्यांत पाणी आले, तोंडात जळक्या कापसाची चव राहिली आणि मुठीतली नळी चांगलीच तापली. तोंडाची चव घालवायला त्यांनी काय केले असेल? सिगारेट पेटवली.

ती नळी संध्याकाळी इरावतीला वॉशिंग मशीनवर सापडली. तिने ती हातात घेतली, उघडली, सेल बाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. शेजारी तिचे मोजणीचे छोटे मीटर ठेवले. मग सासऱ्यांना चहा दिला.

"बाबा, हे कुणी दिलं?"

"सुशीलने. आणि लेक्चर नको. तीन पॉइंट सात व्होल्टचा सेल आहे. मी अकरा हजारांच्या लाइनवर काम केलंय. असले सेल आम्ही जिभेला लावून बघायचो."

इरावतीने वाद घातला नाही. तिने कॉइल मीटरवर बसवली आणि मीटर त्यांच्याकडे वळवले. आकडा होता शून्य पॉइंट अठरा ओहम.

"सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा तीन पॉइंट सात नाही, चार पॉइंट दोन देतो," ती म्हणाली. "हिशोब नेहमी भरलेल्या सेलचा धरायचा. आता तुम्हीच काढा. करंट किती?"

विश्वनाथरावांचे ओठ हलले. आयटीआयच्या बाकावर शिकलेला भागाकार त्यांच्या रक्तात होता. तो सुनेला शिकवावा लागला नाही आणि सुनेलाही त्यांना शिकवावा लागला नाही. त्या एका सूत्रापाशी त्या घरातली दोन माणसे प्रथमच एका बाजूला उभी राहिली.

"तेवीसच्या वर," ते म्हणाले.

"घरातली इस्त्री किती खेचते?"

"चार. साडेचार धर."

"म्हणजे तुम्ही पाच इस्त्र्या तोंडात धरून ओढत होतात."

क्षितिजच्या नाकातून चहा आला. विश्वनाथराव मात्र हसले नाहीत. त्यांच्यातला लाइनमन जागा झाला होता. सेल किती अँपिअरचा, त्यांनी विचारले. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला, पाचच्या पुढे त्याला झेपत नाही, इरावतीने सांगितले. मध्ये फ्यूज? नाही. त्यांनी नळी उचलून डोळ्यांशी नेली आणि पुन्हा खाली ठेवली.

"पाचच्या वायरवर तेवीसचा लोड, आणि मध्ये फ्यूज नाही. असं कनेक्शन कुणी केलेलं दिसलं असतं, तर मी खांबावर चढून त्याची लाइन तोडली असती."

"मग तोडा."

त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि ती कॉइल स्वतःच्या हाताने तोडली.

धन्य ती सून, जिने सासऱ्याला हरवले नाही, त्याच्या विद्येला हाक मारली. आणि धन्य तो सासरा, ज्याची विद्या हाकेला ओ देऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिने साधे, लहान यंत्र आणले. त्यात पहारेकरी होता. म्हणजे अशी चिप, जी दर वेळी कॉइल मोजते, रोध फार कमी भरला तर वीज सोडत नाही आणि सेल उतरला की स्वतः थांबते. सेल नामांकित, पुरवठा खात्रीचा, सलग दहा अँपिअर पेलणारा. आणि कॉइल एक पॉइंट दोन ओहमची. इरावतीचे सांगणे सरळ होते. आधी कॉइलचे माप बघायचे, मग सेलला किती झेपते ते बघायचे आणि सर्वांत शेवटी व्होल्ट ठरवायचा. कॉइलवर तिचे वॉट छापलेले असतात, त्या हद्दीत राहायचे. आणि व्होल्ट खालून वर चढवायचा, वरून खाली उतरवत यायचा नाही, कारण कापूस एकदा जळला की जळला. लोक मोठ्या ढगासाठी कमी ओहम घेतात. तुम्हाला ढग नको आहे, पाय हवा आहे.

विश्वनाथरावांनी साडेतीन व्होल्ट धरून बोटांवर हिशोब केला. करंट तीनच्या आत. सेलला दहा झेपतात, म्हणजे भीती नाही. आणि शक्ती?

"दहा वॉट?" ते निराश झाले. "अगं, आपल्याकडे झिरोचा बल्बसुद्धा पंधराचा असतो."

"झिरोच्या बल्बने पाय वाचतोय तर वाचू दे."

आणि झाले असे, सज्जनहो, की त्या झिरोहूनही मंद निखाऱ्याने काम केले. ना ढग, ना ठसका. सिगारेटसारखाच बारीक, आवळलेला झुरका. प्रथम त्यांनी व्होल्ट कमी ठेवला, समाधान होईना, थोडा चढवला आणि साडेतीनपाशी येऊन स्थिरावले. दिवसाची सिगारेट सुटली. मग जेवणानंतरची सुटली. मग सकाळची, जी सर्वांत चिवट असते, तीही गळाली. कपाटात शर्टांखाली एक पाकीट मात्र त्यांनी ठेवले होते. ओढायला नव्हे, आधाराला. इरावतीला ते माहीत होते. तिने त्या कपाटाला हात लावला नाही. जोडीचा सेल बदलीसाठी दिला तेव्हा प्लास्टिकची एक डबी दिली आणि तेवढे बजावले की सेल सुटा ठेवायचा नाही, डबीतच ठेवायचा.

हळूहळू वसंत आला. या देशात नवरात्र वसंतात येते, आणि अंगणातले कोवाईचे झाड पिवळ्या फुलांनी लवून जाते. खंडेनवमी उजाडली. ज्या वस्तूंनी आपल्याला पोसले त्यांच्यापुढे मान लववायचा हा दिवस. विश्वनाथरावांचा हा सर्वांत मोठा सण. कराडला असताना ते पक्कड, टेस्टर, दोरखंड सगळे घासूनपुसून पाटावर मांडीत. इथेही त्यांनी पाट मांडला, रांगोळी काढली, तांब्याचे ताम्हण लखलखीत केले. ताम्हणात पक्कड ठेवली, टेस्टर ठेवला. मग थांबले. मग आत गेले, आणि सुनेचे मीटर घेऊन आले. मग आपले छोटे यंत्र घेऊन आले. आणि शेवटी चामड्याच्या पिशवीतून बदलीचा सेल काढून तोही ठेवला.

हे दृश्य मनात नीट पाहावे. ज्या धंद्याचे नाव ते मंडळात घेत नसत त्या धंद्याचे मीटर आज त्यांच्या पक्कडीशेजारी गंधाक्षता घ्यायला बसले होते. इरावती स्वयंपाकघराच्या दारात पुरणाची पोळी लाटायची थांबून उभी राहिली. तिचे डोळे भरले. ती पुन्हा पोळपाटाकडे वळली.

पण सेल आला होता पिशवीतून. डबी खिशात मावत नाही म्हणून विश्वनाथरावांनी तो पक्कडीबरोबर पिशवीत टाकला होता, आणि पक्कडीच्या दातांनी त्याच्या वरच्या कडेचे वेष्टन टरकावले होते. त्यात आणखी एक गोष्ट घडली, जी फक्त लाइनमनच्याच हातून घडावी. गंध ओले असते, ओल धन टोकाला लागू नये, म्हणून त्यांनी सेल उलटा उभा केला. धन टोक खाली, ताम्हणाच्या तांब्यावर. ऋण तळ वर, त्यावर गंधाचा टिळा आणि एक कोवाईचे फूल. सेलचे सारे अंग ऋण असते, त्याला वेष्टन झाकून ठेवते. वरच्या कडेला ते फाटले होते, आणि त्याच कडेवर तो उभा होता. धन आणि ऋण दोन्ही एकाच तांब्याला टेकले. सावधगिरीने केलेली चूक ती, आणि प्रेमाने केलेली. पण वीज प्रेम पाहत नाही, वाट पाहते, आणि तिला वाट मिळाली होती.

विश्वनाथराव डोळे मिटून मंत्र म्हणत होते. उदबत्तीच्या वासात दुसरा एक वास मिसळला. तो इरावतीला आधी कळला. ती वळली तेव्हा सेलवरचे फूल कोमेजून काळे पडत होते आणि ओले गंध वाळून त्याला भेगा गेल्या होत्या.

"बाबा, मागे व्हा. हात लावू नका."

तिच्या हातात लाटणे होते. त्या लाकडी लाटण्याने तिने सेल आडवा पाडला आणि ताम्हणाबाहेर लोटला. तांब्याचा संबंध तुटला, तरी सेल धगधगत होताच. तिने ओव्हनचे हातमोजे चढवले, दारातली मातीची कुंडी उपटून रिकामी केली, सेल लाटण्याने कुंडीत ढकलला आणि कुंडी घेऊन ती मागच्या सिमेंटच्या अंगणात, घरापासून लांब, ठेवून मागे आली. सारे जण दूर उभे राहिले. कुंडीतून एकदा फुस्कारा आला, थोडा पांढरा धूर निघाला. मग सगळे शांत झाले. पाट थोडा करपला, ताम्हणावर काळा डाग पडला. माणसे सगळी जशीच्या तशी होती. प्रभो, तुझी कृपा.

इरावतीने सासऱ्यांचे हात उलटसुलट करून पाहिले. भाजले नव्हते. विश्वनाथरावांनी हात सोडवून घेतला. ते उठले, खोलीत गेले, कोट घालून आले, पायांत जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, सरकवल्या आणि दाराबाहेर पडले. ते वळले डेअरीच्या दिशेने.

क्षितिज मागोमाग निघाला. इरावतीने त्याची बाही धरली.

"नको. कुणी धरून आणलेला माणूस उद्या पुन्हा जाईल."

ती खिडकीशी उभी राहिली. तिला सगळे कळत होते. भीतीने हादरलेला माणूस जुन्या आधाराकडेच जातो. आज एक पेटली की उद्या पाकीट, मग फुंकरीत ते उमटणार, तारीख जाणार, पाय जाणार. आणि दोष कुणाला द्यायचा, तर तिने दिलेल्या सेललाच. देवाचे नाव घेत ती उभी राहिली. पोळी तव्यावर करपली तरी तिला कळले नाही.

विश्वनाथराव बसस्टॉपच्या बाकापाशी पोचले. पोटरीत नेहमीचा गोळा आला, ते बसले. डेअरीचे दार तिथून दिसत होते. काय विचार केला हे त्यांनी पुढे एकदाच सांगितले, तेही थोडक्यात. लाइनवर फॉल्ट आला तर आपण काय करत होतो, असे त्यांनी स्वतःला विचारले. लाइन टाकून घरी जात होतो, की फॉल्ट शोधत होतो?

ते उठले आणि परत फिरले. घरात न शिरता बाजूने मागच्या अंगणात गेले, चष्मा लावून थंड झालेल्या कुंडीत बराच वेळ वाकून पाहिले. इरावती शेजारी येऊन उभी राहिली.

"हे बघ," ते म्हणाले. "वेष्टन फाटलेलं होतं. कडेला. माझ्या पक्कडीनं. आणि मीच उलटा उभा केला." ते सरळ झाले. "फॉल्ट सेलमध्ये नव्हता, कामात होता. काम माझं."

"डबी मी लहान द्यायला हवी होती, खिशात मावेल अशी."

"ते तुझं. बाकी माझं." मग म्हणाले, "दुसरा सेल आण. आणि ती डबीही आण, मावेल तशी मावेल."

मग ते आत गेले, कपाटातल्या शर्टांखालचे पाकीट काढले आणि सगळ्यांसमोर नळाखाली धरून त्याचा लगदा होईपर्यंत पिळले. तो लगदा कचऱ्यात टाकून, हात धुऊन, ते पाटावर बसले आणि राहिलेली पूजा त्यांनी जिथे थांबली होती तिथून पुरी केली. करपलेली पोळी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. निवलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून इरावतीने तो दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जुन्या सेलांच्या पेटीत, विल्हेवाटीसाठी, नेऊन दिला.

त्या नवमीनंतर विश्वनाथरावांच्या ओठांना सिगारेट लागली नाही. काही दिवसांनी अरोहा श्वासाचे यंत्र घेऊन आली. पहिल्या भेटीत त्यावर पंचविसाच्या घरातला आकडा आला होता. विश्वनाथरावांनी छाती भरून घेतली, श्वास रोखला आणि फुंकला. काटा नसतो त्यात, आकडा असतो. आकडा चढला, थबकला आणि दोनवर थांबला. न ओढणाऱ्या माणसाचा आकडा.

"स्वीट अ‍ॅज," अरोहा म्हणाली.

"अ‍ॅज व्हॉट?" विश्वनाथरावांनी विचारले.

अरोहा हसून म्हणाली की पुढे काही नसते, इथल्या बोलीत झकास म्हणायचे ते असेच, वाक्य तिथेच संपते. मग ती त्यांना कडकडून भेटली, आणि आयुष्यात कुणा परक्या बाईने असे जवळ न घेतलेला तो म्हातारा लाजून सुनेकडे पाहू लागला.

नोव्हेंबरची तारीख जागची हलली नाही. ऑपरेशन झाले. सर्जनबाईंनी बाहेर येऊन सांगितले की वाट मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इरावती वॉर्डात गेली. मोघ्यांच्या घरात मोठे माणूस संकटातून उठले की पाया पडण्याची रीत आहे. ती वाकली, चादरीखालच्या पावलांना तिने हात लावला आणि तशीच थांबली.

किती महिने ती सणावारी पाया पडताना त्या पावलांना हात लावीत होती. उजवे पाऊल ऊन असे, डावे गार, दगडासारखे. आज डावे पाऊल ऊन होते. उजव्याइतके ऊन होते. घोट्याजवळ तिच्या बोटाखाली काहीतरी उडत होते, टुक, टुक, टुक, जणू देवळाबाहेर कुणी चिपळ्या धरल्या आहेत.

"काय झालं?" विश्वनाथरावांनी विचारले.

"करंट आलाय, बाबा."

ते उशीवर मान टेकवून छताकडे पाहत राहिले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळले आणि ते त्यांनी पुसले नाही.

"लाइन चालू," ते म्हणाले.

जय असो, मायबापहो, जय असो. उन्हाळा सरेपर्यंत विश्वनाथराव ओढ्याकाठच्या पायवाटेने कुठेही न टेकता फिरून येऊ लागले. अरोहाने आखून दिल्याप्रमाणे रसातले निकोटीन पायरीपायरीने उतरत गेले. शेवटी ते इतके उतरले की एके सकाळी यंत्र भरायचे राहून गेले, आणि ते राहून गेले हे संध्याकाळी लक्षात आले. आता मंडळात कुणी विचारले, सून काय करते, की विश्वनाथराव पावसाकडे वळत नाहीत. ते खुर्ची पुढे ओढतात आणि व्होल्ट भागिले ओहम कसे काढायचे ते विचारणाऱ्याला सांगू लागतात. चहा निवतो, पण विचारणारा सुटत नाही. सुशीलच्या घरी जाऊन त्यांनी त्याच्या साऱ्या जुन्या नळ्या निकालात काढल्या. आणि ज्या बायका पूर्वी इरावतीला पाहून नाक मुरडीत, त्या आता आपल्या नवऱ्यांना कोपराला धरून तिच्याकडे घेऊन येतात.

इरावती त्यांना पहिला प्रश्न तोच विचारते. मग कॉइल मोजते, सेलच्या कडा उजेडात धरून वेष्टन पाहते, आणि व्होल्ट खालून वर चढवते.

हे तेजोनिधे, हे मापात राहणाऱ्या माउली, या इरावतीच्या हाताला नेहमी असेच माप दे. तिच्या बोटांची पारख कधी मंद होऊ नये. क्षितिजचे हसू त्या घरात अखंड राहो. विश्वनाथरावांची दोन्ही पावले सारखी ऊन राहोत, आणि ती त्यांना जिथे न्यायची असतील तिथे न थांबता नेवोत. त्या घराची चूल पेटती असो, समई तेवती असो, तिथे येणारे प्रत्येक लेकरू मोकळा श्वास घेत येवो. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी तू असाच, हवा तितका आणि हवा तिथेच, नांदत राहा. शुभं भवतु.